ठिपका नसलेली माणसं

काका बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. कानाच्या जरा बाजूला बघत. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपल्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

चहाचा कप उचलण्याआधी ते बशीच्या कडेवरून बोट फिरवत. खुर्चीत बसण्याआधी तिच्या पाठीवर हात ठेवून जरा थांबत. दारातून बाहेर पडताना कधीकधी एकदम अंग चोरून बाजूला होत. वाटायचं, समोरून कोणी आत येतंय. कोणीच यायचं नाही. मग काका स्वतःशीच हसून पुढे जायचे. वर्तमानपत्र घडी न मोडताच काकूंच्या हातात द्यायचे. "वाच, आज काय काय बुडालं ते." जिन्यात दिवा असला तरी कठडा सोडायचे नाहीत. आणि कोणी हाक न मारता घरात शिरलं की भयंकर चिडायचे. "तोंड दिलंय ना? आवाज करत या."

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी हे सगळं रोज बघायची. तिला ते वय वाटायचं. काकांची नोकरी संपायला अजून काही वर्षं होती, पण माणसं काय, लवकरही म्हातारी होतात.

साहित्याची पदवी घेऊन ती या शहरात आली होती आणि बरेच दिवस हातावर हात ठेवून बसली होती. तिला कामाला चिकटवलं ते काकांनीच. काका कारखान्यात क्रेन चालवायचे. शेडच्या छपराखाली, रुळांवरून इकडून तिकडे सरकणारी अवाढव्य क्रेन. तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन. त्या केबिनमध्ये काका. खाली पोलादी पत्र्याच्या जाडजूड गुंडाळ्या, सगळे त्यांना कॉइल म्हणत. कॉइल अंगावर पडली तर माणसाचं काय उरेल, हे तिथे कोणी बोलत नसे. काका त्या उचलायचे, शेडभर फिरवायचे आणि निजलेलं मूल ठेवावं तशा खाली ठेवायचे.

सुरक्षा विभागाला पाट्या लिहायला कोणीतरी हवं होतं. काका साहेबांना म्हणाले, "मुलगी शिकलेली आहे. शब्द वाया घालवणार नाही." काकांचा शब्द तिथे चालायचा. तेव्हापासून ती पाट्या लिहीत होती आणि काका तिला पंडित म्हणत होते.

"काय पंडित, आज किती पानं?"

"एक ओळ, काका. 'आत हात घालू नका.'"

"वा! थोडक्यात आणि मुद्द्याचं. आता विस्तार करत बसू नकोस."

काका-काकूंना एकच मुलगी. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, जाताना तिचं खेळाचं मशीन टीव्हीखाली तसंच ठेवून गेली. काकूंनी त्यावर फडकं झाकलं. एके दिवशी काकांनी ते फडकं काढलं, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी, पाळी संपवून अंघोळ झाली की, ते तासभर त्यासमोर बसू लागले.

"लेकीने जाता जाता मला सवत आणून दिली," काकू म्हणायच्या. "बरं, सवत निदान स्वयंपाकाला हातभार तरी लावते."

खेळ मारामारीचा होता. उद्ध्वस्त झालेलं एक शहर, त्यात एक चिलखती वीर. त्याच्या डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटच्या काचेवर दिसावेत तसे पडद्याच्या कडेकडेने आकडे, पट्ट्या, खुणा. काकांनी एकदा खेळायचा बटणांचा पॅड वरच्या खोलीतल्या मुलीच्या हातात दिला. ती पुलावरून चालत गेली, कठड्याशी थांबली, आणि पडदा लाल होऊन काळा झाला.

"मेलीस," काका म्हणाले.

"कोणी मारलं?"

"मागच्याने."

"मागे कोण होतं?"

"नकाशात होता की. एवढा मोठा लाल ठिपका."

"मी ते तळं बघत होते. पाण्यात धूर कसा उतरलाय—"

"तळं कशाला बघतेस? तळं तुला गोळी घालणार आहे का?"

आतून काकू म्हणाल्या, "शिकवा, शिकवा. पोरीच्या लग्नात उपयोगी पडेल."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. शिकवताना त्यांचा आवाज बदलायचा, हळू व्हायचा.

"हे बघ. मधे जे दिसतं ना, ती सगळी सजावट. आग, धूर, पडकी घरं, तुझं ते तळं. खरं काय आहे ते कडेला लिहिलेलं असतं. वर डावीकडे हिरवी पट्टी, तो तुझा जीव. अर्धी झाली की आडोसा शोधायचा. तळाशी आली की पळायचं, लाज बाळगायची नाही. खाली उजवीकडे आकडा, त्या गोळ्या. वर मधोमध ही रेघ, ती दिशा. आणि खाली डावीकडे हा गोल, तो नकाशा. गोलाच्या मधला बाण म्हणजे तू. लाल ठिपका म्हणजे शत्रू. पांढरा म्हणजे आपला."

"आणि पडद्याची कड लाल झाली ती?"

"ज्या बाजूची कड लाल, त्या बाजूने मार बसला. कोणी मारलं, का मारलं, असं विचारत वळायचं नाही. आधी उलट्या बाजूला उडी. विचारपूस नंतर."

तिला गंमत वाटली. "आणि माणूस दिसला, पण नकाशात ठिपका नसला तर?"

काका थांबले.

"मग तो नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. ठिपका असेल तर आहे. नसेल तर खुशाल त्याच्यातून चालत जायचं."

ती हळूहळू शिकली. पदवीच्या वर्षांत ती पुस्तकांच्या समासात लिहायला शिकली होती. आता समासातच वाचायला शिकली. पट्टी उतरली की बोटं आपोआप हलायची. मधलं चित्र मागे पडायचं, अस्पष्ट व्हायचं, आणि चार कडांमध्ये सगळी गोष्ट कळायची. ती जगू लागली. काका खूश झाले.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात यायला वेळ लागला. त्या खेळात ठिपका नसलेला माणूस नव्हताच. शत्रू असो, आपला असो, रस्त्यावरून पळणारी साधी माणसं असोत, प्रत्येकाला ठिपका होता. तिने मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं. एकही सुटलेला नव्हता.

काका उत्तम खेळायचे. काळोख्या तळघरात, धुरात, कुठेही. ठिपका दिसला की तिकडे वळून नेम धरायचे आणि तो चुकायचा नाही. पण मधेच, एखाद्या रिकाम्या अंगणात, ते थबकायचे. वीर पडद्यावर नुसता उभा. काकांची नजर खाली नकाशाकडे जायची. तिथे काही नसायचं. मग काका "हं" म्हणायचे आणि पुढे चालायला लागायचे.

"काय झालं?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही. जाऊ दिलं."

"कोणाला?"

काकांनी वीराला पुढच्या गल्लीत वळवलं. त्या अंगणात कोणी नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी काकू शेजारी गेल्या होत्या. बाहेर अजून उजेड होता. मुलगी खाली आली तेव्हा काका खेळाच्या बऱ्याच पुढच्या भागात पोहोचले होते. गोष्टीत पूल कोसळला, वीर खाली पडला, हेल्मेटची काच फुटली. हिरवी पट्टी दोनदा लुकलुकली आणि विझली. आकडा गेला, दिशा गेली. शेवटी नकाशा गेला. पडद्यावर नुसतं चित्र उरलं.

"किती मोकळं वाटतंय!" ती म्हणाली. कडांवर काही नसलेलं ते शहर तिने पहिल्यांदाच बघितलं.

"पट्ट्या कुठे गेल्या?" काकांनी विचारलं.

"हेल्मेट फुटलं ना. आता थोडा वेळ असंच असणार."

"परत आण."

"ते आपल्या हातात नाही, काका. गोष्टच तशी आहे."

काकांनी पॅड घट्ट धरला. वीर एका लांब बोळात उभा होता. दोन्ही बाजूंना बंद दारं. खेळातलं संगीतही थांबलं होतं. बोळाच्या टोकाचं दार उघडलं आणि एक माणूस बाहेर आला. हातात सुरा. तो धावत नव्हता. निवांत चालत येत होता.

काका हलले नाहीत.

"काका, तो बघा."

काकांनी बंदूक वळवली आणि डावीकडच्या भिंतीवर गोळी झाडली. भिंतीचा गिलावा उडाला.

"गेला?" काकांनी विचारलं.

"तिथे कोणी नव्हतं. समोर आहे तो, समोर!"

"समोर तर बाई आहे."

मुलीने पडद्याकडे बघितलं. सुरेवाला अर्धा बोळ ओलांडून आला होता.

"काका, बाई नाहीये. माणूस आहे. सुरा आहे त्याच्या हातात."

"निळी टोपी घातलेली. कोटाला बटणं आहेत बघ, किती. एकेक मोजता येईल." काकांचा आवाज शांत होता. "ही खोटी आहे. हिला नेहमी ओळखतो मी. पण खरा कुठे आहे मग? अं? खरा कुठे आहे?"

सुरेवाल्याचं तोंड पडदाभर झालं. मुलगी ओरडली. पडद्याच्या चारही कडा लाल झाल्या.

काका तसेच बघत राहिले. टीव्हीकडे नाही, टीव्हीच्या शेजारच्या भिंतीकडे.

"मेलो का?" त्यांनी विचारलं.

काकांनी पॅड मांडीवर ठेवला, दोन्ही हात त्यावर ठेवले.

"पंडित, दार लाव."

तिने दार लावलं. काका सांगत गेले तसं ते सगळं सोपं होत गेलं.

नजरेच्या मधोमध डाग पडला होता. आधी उजव्या डोळ्यात, मग या वर्षात डाव्यात. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. "तुझ्या तोंडाच्या जागी डाग आहे. कान दिसतात. कानांवरून ओळखतो तुला. बरे आहेत कान."

आणि त्या डागात माणसं येत होती.

"कसली माणसं?"

"चांगल्या घरची. स्वच्छ कपडे, टोप्या, कोट. कधी मोठी, कधी वीतभर. परवा स्वयंपाकघरात ओट्यावर पोरांची रांग होती. सगळी एका उंचीची. तुझी काकू त्यांच्यातून हात घालून डबा काढत होती." काका हसले. "ओरडणार होतो, अगं सांभाळ, म्हणून."

"काही बोलतात?"

"नाही. आवाजच नाही त्यांना. माझ्याकडे बघतही नाहीत. त्यांना मी नाहीच." काका जरा थांबले. "भीती नाही वाटत आता. पण एक आहे. तू मला धुरकट दिसतेस. काकू धुरकट दिसते. ही माणसं लख्ख दिसतात. शिवण न् शिवण."

मुलीने मागे वळून बघितलं. मागे कपाट होतं.

"म्हणून हा खेळ?"

"इथे नकाशा आहे ना. ठिपका असला की आहे, नसला की नाही. दिवसातून तेवढा एक तास मला पक्कं माहीत असतं, कोण आहे आणि कोण नाही."

मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं.

"आणि कारखान्यात?"

"वजनाला आकडा आहे. उंचीला आकडा आहे. केबिनमध्ये सगळं कडेला मांडलेलंच असतं. खाली सिग्नलवाला आहे, त्याची शिट्टी आहे."

"आणि माणसं?"

"घंटी वाजवतो. क्रेनची घंटी झाली की खरा माणूस हलतो. हे हलत नाहीत. हलला नाही की समजायचं, नाही. मग माल पुढे."

"आणि कोणी नाहीच हललं, काका? घाबरून थिजलं कोणी?"

काकांनी पॅडवरच्या बटणावर अंगठा फिरवला. "अजून तसं झालेलं नाही," ते म्हणाले.

त्या रात्री तिने फोनवर शोधून शोधून वाचलं. सकाळी काकू अंघोळीला गेलेल्या बघून ती खाली आली.

"काका, हे वेड नाही. डोळ्यांकडून खबर येणं थांबलं की मेंदू आपल्या मनाने चित्रं काढून ती जागा भरतो. पुष्कळांना होतं. लोक हसतील म्हणून कोणी सांगत नाही."

काका ताठरल्यासारखे ऐकत होते. मग त्यांचे खांदे खाली आले. केवढं ओझं ते धरून होते ते तिला तेव्हा दिसलं.

"म्हणजे डोकं ठीक आहे माझं."

"ठीक आहे."

"मी समजलो, संपलं आता. काकूला काय सांगायचं, लेकीला काय सांगायचं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "डोकं ठीक आहे म्हणजे मग चालवायला हरकत नाही."

"हरकत आहे, काका."

"तू कालची पोर. मी त्या केबिनमध्ये केस पांढरे केले."

"तुम्हीच दाखवलंत ना काल, पट्ट्या गेल्या की काय होतं ते? खाली माणसांना ठिपके नाहीत."

काका चिडतील असं तिला वाटलं. ते चिडले नाहीत. तिच्या कानाकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

"सोमवारी," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी मी स्वतः साहेबांना सांगतो. तू मधे बोलू नकोस. माझा मी चढलो, माझा मी उतरेन."

तिने मान डोलावली. मग मान डोलावलेली त्यांना दिसत नसेल हे आठवून, "बरं," म्हणाली.

तो रविवार विचित्र गेला. घर तेच होतं, पण तिला ते आता वेगळं दिसत होतं. काका जेवायला निघाले, दारात थबकले, अंग चोरून उभे राहिले. ती त्यांच्या मागेच होती. तीही बाजूला झाली. दोघं जण रिकाम्या दाराला वाट देऊन उभे.

काकूंनी ताटं मांडता मांडता ते बघितलं. "बघ, आता पोरीलाही लागण झाली," त्या म्हणाल्या. मग काका हात धुवायला गेल्यावर त्यांनी आवाज उतरवला. "खरं सांग गं. यांना काय झालंय? मोकळ्या दाराला 'या' म्हणतात हल्ली. मला नाही का कळत?"

"उद्या सांगतील ते, काकू."

"उद्या कशाला? आज काय तोंडाला कुलूप लावलंय?"

तिने पाण्याचा पेला उचलला. ओट्याकडे बघायचं तिने टाळलं.

सोमवारी ती उठली तेव्हा काका निघून गेले होते. कारखान्यात पोहोचून ती आपल्या टेबलाशी बसली. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. साहेब एकटेच होते, फायलीत डोकं घालून. ती त्या दाराकडे बघत राहिली. आत्ता काका येतील. कदाचित कपडे बदलत असतील. कदाचित चहा घेत असतील.

मग शेडमधून घंटी ऐकू आली. क्रेनची घंटी.

ती कधी उठली ते तिला कळलं नाही. शेडच्या दाराशी पोहोचली तेव्हा क्रेन रुळांवरून निघाली होती. हुकाला कॉइल. केबिनच्या काचेत काकांचं पिवळं हेल्मेट. नेहमीसारखे ताठ बसलेले. सोमवार उजाडला होता आणि ते खुर्चीत जाऊन बसले होते. बहुधा म्हणाले असतील, एकच पाळी. बहुधा म्हणाले असतील, जेवणाच्या सुट्टीत सांगू.

शेडमध्ये कोणी ओरडत नाही. ओरडून ऐकूच जात नाही. तिथे सगळं हातांनी बोलतात. सिग्नलवाला कॉइलच्या रांगेपलीकडे होता. तिथून ती त्याला दिसत नव्हती, आणि तो तिला. तिला एकच सुचलं. तिने माणसांना थांबवायला जमिनीवर आखलेली पिवळी रेघ ओलांडली, कॉइल जिथे ठेवायची होती त्या मोकळ्या जागेच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली. थांबा. लहान मुलालाही कळेल असा इशारा.

घंटी झाली.

ती हलली नाही. हलायचंच नव्हतं तिला. आपण हललो तर क्रेन थांबणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ती पाय रोवून उभी राहिली.

घंटी पुन्हा झाली. लांबलचक.

काचेत काकांचं तोंड तिला दिसत होतं. ते तिच्या किंचित बाजूला बघत होते. म्हणजे तिला बघत होते. त्यांनी तिला बघितलं होतं, यात शंका नव्हती. ती तशीच उभी राहिली, हात वर, तोंड बंद.

आणि काकांनी "हं" म्हटल्यासारखी मान हलवली. कॉइल पुढे निघाली.

तेव्हा तिला कळलं.

दोनदा घंटी झाली होती. ती हलली नव्हती. ती आवाज करत नव्हती. काकांच्या हिशेबात ती आता कोटाच्या बटणांची बाई होती, ओट्यावरच्या रांगेतलं पोर होती. तिच्यातून माल न्यायला हरकत नव्हती.

पळ, तिने स्वतःला सांगितलं. पाय तिचे नव्हते. कॉइलची सावली आधी तिच्या बुटांवर आली, मग गुडघ्यांवर. तिला तेलाचा वास आला. आपण खरंच इथे आहोत का, असा एक थंड विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचारानेच ती इतकी घाबरली की हात सुटले, ती बाजूला कोसळली आणि हातापायांवर रेघेकडे सरपटत गेली.

वर ब्रेक किंचाळले. कॉइल झोकांडी खाऊन पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग थांबली.

शिट्टीवर शिट्टी वाजवत सिग्नलवाला धावत आला. "ए बाई! मरायचंय का? पाटीवाली तूच ना? लिहायचं तू आणि वाचायचं आम्ही, होय?"

काका शिडीवरून उतरत होते. प्रत्येक पायरी आधी बुटाने चाचपत, मग भार देत. एवढा वेळ लागला त्यांना की सिग्नलवाल्याच्या शिव्या संपल्या. काका आले ते तिच्याकडे नाही, त्याच्याकडे.

"इथे कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? तुमची भाडेकरू. दिसत नाही का?"

"दिसतेय. आहे का ते विचारतोय."

सिग्नलवाल्याने एकदा काकांकडे बघितलं, एकदा जमिनीवर बसलेल्या मुलीकडे. त्याचा आवाज खाली आला. "आहे की, दादा. असं काय बोलताय?"

काका तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी हात पुढे केला. हात आधी तिच्या खांद्याच्या बाजूला, हवेत गेला. मग खांद्यावर आला आणि तिथे दाबून राहिला.

"दोनदा घंटी दिली," ते म्हणाले.

"ऐकली, काका."

"हलली नाहीस."

"नाही."

"मला लख्ख दिसलीस तू. कधी नव्हे ती लख्ख. म्हणून मी समजलो..."

मग ते उठले. हेल्मेट काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं, आणि साहेबांच्या खोलीच्या दिशेने निघाले. पिवळ्या रेघेवर एक पाऊल, रेघेच्या आत एक पाऊल, असे. भोवती जमलेल्या माणसांपैकी कोणी वाटेतून हललं नाही. काका प्रत्येकाशी थांबत होते, हात पुढे करून बघत होते, आणि मग बाजूने जात होते.

वर कॉइल लटकत होती. क्रेनला दुसरा माणूस दुपारच्या पाळीलाच येणार होता. साखळीला पीळ पडला होता आणि कॉइल हळूहळू स्वतःभोवती फिरत होती, एकदा या बाजूला, एकदा त्या. सगळे लांब जाऊन, माना वर करून उभे होते. सिग्नलवाल्याने सवयीने हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि खाली घे, खाली घे, असा इशारा करू लागला. मुलीने केबिनच्या काचेकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. तिने पुन्हा एकदा बघून घेतलं. माल उतरवायचा राहिला होता.